लाल फडक्यातला आवाज

आमच्या पिंप्राळ्यात गिरधर आबांइतका सावध माणूस शोधून सापडायचा नाही. मोटार वाइंडिंगचं दुकान चालवण्यात त्यांचा उभा जन्म गेला. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी यायच्या आणि आबा नवी तार भरून त्या चालू करून द्यायचे. घरात प्रत्येक वस्तू जोडीनं. टॉर्च दोन, छत्र्या दोन, चष्मे दोन. कुलपाला किल्ल्याही दोन, आणि दोन्ही एकाच जुडग्यात! जुडगं हरवलं की आबा आमच्या दारात हातोडी मागायला हजर. मी म्हणायचे, "आबा, एक किल्ली माझ्याकडे ठेवा की." तर म्हणायचे, "घरची किल्ली घरातच बरी." आता बोला!

त्यांची बायको तानुबाई, म्हणजे आमची अक्का. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसायची. नारळाला नथ घालून, नटवून, चौरंगावर देवी मांडायची आणि रात्रभर अहिराणी गाणी. कानबाईच्या रोटांचा प्रसाद भाऊबंदांतच खातात, बाहेरच्याला देत नाहीत. मी बाहेरची, त्यामुळे रोट कधी माझ्या वाट्याला आले नाहीत. पण अक्काची गाणी भिंतीतून फुकट यायची. काय आवाज होता बाई! ती गच्चीवरून हाक मारायची आणि चौकातला रिक्षावाला मागे वळून बघायचा.

त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. आबांनी सही केली आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून पोरासारखे रडले.

ऑपरेशनच्या आधी त्यांची मुलगी पुनम आणि जावई भूषण धुळ्याहून आले. भूषणचं धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं आबांच्या कॉम्प्युटरला माइक लावला आणि अक्काकडून कानबाईची सगळी गाणी म्हणवून घेतली. अक्काची अट एकच, हे मोबाईलवरून गावभर फिरता कामा नये. गाणी संपली, पण माइक बंद करायचं पोरगं विसरलं. मग अक्का आत जाऊन ओरडली, "ओ पुनमना बाप, ऊठा, चहा थंडा व्हयी जाई!" तेही भरलं गेलं.

ऑपरेशन झालं. अक्का वाचली. गळ्याला भोक, त्यावर पदर, आणि तोंडातून शब्द नाही. काही हवं असेल तर टाळी वाजवायची. आबा रोज सकाळी कॉम्प्युटर लावायचे. गाणी नव्हे, तो चहाचा आवाज. अक्का समोर खरोखरीचा चहा घेऊन उभी, आणि कॉम्प्युटरमधली अक्का हाक मारतेय. ते ऐकून मला भिंतीपलीकडे घास उतरायचा नाही. कानबाईला तीच गाणी लावायचे, तेव्हा अक्काचे ओठ गाण्याबरोबर हलायचे.

भूषण हुशार. त्यानं गाणी दोन पेनड्राइव्हवर आणि एका हार्डडिस्कवर उतरवून दिली आणि आबांना बजावलं, "मामा, तिन्ही प्रती एका जागी ठेवू नका. एक इथं ठेवा, एक आम्ही धुळ्याला नेतो, आणि एक इंटरनेटवर चढवून ठेवू. घराला काही झालं तरी आवाज राहील."

"इंटरनेटवर म्हणजे कोणाच्या घरी?" आबांनी विचारलं. "कुलूप कोणाचं, किल्ली कोणाकडे?"

"बरं, ते राहू द्या. पण एक तरी पुनमकडे द्या."

आबांनी मान हलवली. "कानबाईचे रोट दुसऱ्या कुळात देतात का? मग तिची गाणी कशी देऊ? लेक आमची असली तरी घर तुमचं आहे, भूषणराव."

पुनमचे डोळे भरून आले. तिच्या आईचा आवाज, आणि तिलाच नाही! मला असा राग आला होता म्हणून सांगू! पण शेजारणीनं बोलायचं किती? आबांनी तिन्ही वस्तू लाल फडक्यात बांधल्या. गाठ अक्कानं मारली, तिची ती नेहमीची दुहेरी गाठ. गाठोडं गेलं कानबाईच्या पेटीत. देवीपेक्षा चांगला राखणदार कोण, असं आबांचं म्हणणं.

यंदा उन्हाळ्यात वीज कमीजास्त झाली आणि कॉम्प्युटर जळला. भूषण म्हणाला, "आतली डिस्क गेली, पण काळजी नको, प्रती आहेत." जुना डबा भंगारात गेला. कानबाईचा खर्च उरकला की नवा घेऊ, असं ठरलं.

श्रावणात कानबाई बसली. यंदा गाणी वाजणार नव्हती, म्हणून पेटी उघडली तेव्हा आबांनी ते गाठोडंच देवीच्या पायाशी, चौरंगाखाली ठेवलं. शेजारी बायकांनी भरलेल्या ओट्या. त्याही लाल फडक्यांतच बांधलेल्या. सोमवारी सकाळी विसर्जनाची घाई उडाली. आबांचा मुलगा नवल खाली वाकला आणि फुलं, तांदूळ, ओट्या, हाताला लागेल ते निर्माल्याच्या टोपलीत भरत गेला.

आम्ही गिरणा नदीवर पोचलो. पाणी तांबडं, भरून चाललेलं. ढोल असा वाजत होता की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. नवल टोपली घेऊन पाण्यात उतरला. आणि अक्काला टोपलीत ती दुहेरी गाठ दिसली.

ती टाळ्या वाजवायला लागली. जोरजोरात, दोन्ही हात वर करून. तोंड उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताठ. आम्हा बायकांना वाटलं, अक्का किती दिवसांनी रंगात आली! आम्हीही तिच्याबरोबर टाळ्या धरल्या. कुणी तिचे हात पकडून फुगडीला ओढलं. ती हिसके देत होती आणि आम्ही हसत होतो. नवलनं टोपली उपडी केली.

तेव्हा ती धावली. कमरेइतक्या पाण्यात शिरली तशी मी किंचाळले आणि ढोल थांबला. नवलनं तिला धरून काठावर आणलं. तिनं हवेत बोटांनी गाठ मारून दाखवली, मग गळ्याला हात लावला. आबांनी रिकामी टोपली पाहिली आणि ते मटकन खाली बसले.

पोरांनी बुड्या मारल्या. दुपारपर्यंत शोधलं. गिरणा काय परत देणार? कानबाईसाठी धुळ्याहून आलेली पुनम पाण्याकडे बघत उभी होती. "एक मला दिली असती तर," एवढं ती म्हणाली असती तरी बरं वाटलं असतं.

आबा उठले, अक्कापाशी गेले आणि सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "तुले दिसनं व्हतं ना? मंग हाक काबर नही मारी व?"

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं आणि गळ्यावरचा पदर बाजूला केला. आबांनी तो पदर परत नीट केला. मग तिचे तळवे उघडून पाहिले. टाळ्या वाजवून वाजवून ते लाल झाले होते.