निम्मं सरपण

मी तक्ता भिंतीवर चिकटवला आणि मुंबईचे साहेब खुर्चीतून उठून जवळ आले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"निम्मं? मॅडम, खरंच निम्मं सरपण?"

"वहीत आहे तेच लिहिलंय," मी म्हणाले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

फेब्रुवारी महिना. गेवराईच्या एका मंगल कार्यालयाची वरची खोली. समोर पाच संस्थांची माणसं वह्या उघडून बसलेली. मी तेव्हा औरंगाबादच्या एका प्रशिक्षण केंद्रात नोकरीला होते. आपल्या कामाचा परिणाम कसा मोजायचा, हे संस्थांना शिकवायचं, हे माझं काम. बाजार नुकताच खुला झाला होता आणि देणगी देणारेही कंपनीच्या भाषेत बोलू लागले होते. आधी विचारायचे, काय काम केलं? आता विचारायचे, त्यानं फरक काय पडला? प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायची सवय कुणालाच नव्हती, म्हणून माझी नोकरी चालत होती.

तक्ता होता चकलांब्याच्या एका संस्थेचा. लक्ष्मणबप्पा तिचे प्रमुख. निवृत्त मास्तर, हट्टी, पण माणूस सरळ. त्यांच्या संस्थेतल्या आठ बाया बिनधुराच्या चुली बनवायच्या आणि आसपासच्या गावांत विकायच्या. अशा उद्योगाला आज सोशल एंटरप्राइज म्हणतात. बप्पा 'आमचा कारखाना' म्हणायचे. कारखाना म्हणजे एक पत्र्याचं शेड, मातीचे ढीग आणि चुलीचे दोन साचे.

मोजणी मीच आखून दिली होती. काम सुरू होण्याआधी परिस्थिती काय होती, ते मोजून ठेवायचं. त्याला बेसलाइन म्हणतात. फरक कशावरून ओळखायचा, ती खूण म्हणजे इंडिकेटर. आमचा इंडिकेटर सरपण. मे महिन्यात चाळीस घरांत आठवडाभर रोज जाऊन बायांनी ताणकाट्यानं सरपण तोललं. पावसाळ्यात त्या घरांत नव्या चुली बसल्या. जानेवारीत तीच घरं, तोच काटा, तीच वही. सरपण निम्म्यावर आलं होतं.

साहेब खूश झाले. ते ज्या ट्रस्टकडून आले होते तो ट्रस्ट दुसऱ्या टप्प्यात आणखी वीस गावं घेणार होता. "हा तक्ता मी घेऊन जातो," ते म्हणाले. "कमिटीपुढे दुसरं काही दाखवायची गरजच नाही."

चहाची सुट्टी झाली. शेवंताबाई माझ्याजवळ आली. ती त्या आठ बायांपैकी एक. चाळीसातल्या निम्म्या घरांत काटा तिनंच धरला होता.

"मॅडम, येक इचारू का? राग न्हाई ना यायचा?"

"विचारा की."

"जानेवारीत गावात असतंय कोण?"

"म्हणजे?"

"समदे उसाला गेलते. दिवाळी झाली की जात्यात, उनाळ्यात माघारी येत्यात. घरात राहती म्हातारी अन् दोन लेकरं. तिघांच्या भाकरीला सरपण निम्मंच लागंल की. मंग चूल कोंची का असंना."

मी कप खाली ठेवला. माझा जन्म बीडचा. घर लिंगायत वाण्याचं, बाजारात किराण्याचं दुकान. दिवाळीनंतर अर्धा जिल्हा ऊस तोडायला जातो आणि दुकानात माशा मारायची वेळ येते, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून पाहिलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मला लाज वाटली, आणि ती आठ-दहा दिवस तरी गेली नाही.

"हे तुम्ही मोजतानाच का नाही सांगितलं?"

"तुमी सरपण तोलाय सांगितलं, आमी तोललं. माणसं मोजाय कुटं सांगितली?"

बप्पांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ताई, साहेब लई खूश हाय. कशापायी उकरून काढायलात?"

"तक्ता चुकीचा आहे, बप्पा."

"असंल. पर दुसरा टप्पा आला न्हाई तर शेड बंद. मंग ह्या आठ बाया काय करत्यात? तुमी ह्या शेवंताकडंच बघा. यंदा पहिल्यांदा ती अन् तिचा नवरा उसाला गेले न्हाईत. ती चुली घालती, त्यो माती आणतो. पोरगी दिवाळीच्या माघारी बी शाळेत बसलीय. आता तिच्याच बोलण्यानं तिला परत धाडायची का?"

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम एकट्या माणसाला घेत नाही. ती राहिली म्हणून तो राहिला. हे मला माहीत होतं, पण आकड्यांच्या गडबडीत मी ते बाजूला ठेवलं होतं.

मी परत शेवंताबाईकडे गेले. "तुम्ही बोललात त्याचा परिणाम काय होईल, ठाऊक आहे ना?"

"ठाव हाय की." ती म्हणाली. "पर काटा मी धरलता, मॅडम. उद्या कोनी इचारलं तर तोंड मला दाखवायचंय."

आमच्या घरी वडिलांनी एकच गोष्ट शिकवली होती, तराजूशी खोटं बोलायचं नाही. आता मला गप्प बसायची सोय राहिली नव्हती. सुट्टी संपायच्या आत मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि हातातली तक्त्याची गुंडाळी मला परत दिली.

"मेमध्ये पुन्हा मोजा. तोपर्यंत दुसरा टप्पा थांबवू."

बप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते जिना उतरून गेले.

मे महिन्यात आम्ही पुन्हा मोजलं. आता घरात माणसं किती, हे विचारायचं ठरलं. पण ते नीट कळेना. कुणी आजच उसाच्या फडावरून आलेलं, कुणी लग्नाला गेलेलं, कुणाकडे पाहुणे. शेवंताबाई म्हणाली, "माणसं नका इचारू. काल भाकरी किती थापल्या ते इचारा. बाई ते इसरत न्हाई." खरोखरच एकही बाई विसरली नव्हती. मग आम्ही वीस भाकरींना किती सरपण लागतं, असा इंडिकेटर धरला, आणि जुन्या चुलीच्या घरांतही तेच तोलून तुलना केली. माझ्या सगळ्या नोकरीतला हा सगळ्यांत चोख इंडिकेटर, आणि तो माझा नाही.

उत्तर आलं. चुलीनं सरपण वाचत होतं, पण थोडं. धूर बराच कमी झाला होता, पण धूर मोजायची सोय माझ्याकडे नव्हती. मी दिसलं तसं लिहिलं. कमिटीचं पत्र पोळ्याच्या सुमारास आलं. काम चांगलं आहे, वाढ करण्याचा विचार पुढे करू. अशा पत्रांत वाईट शब्द कधीच नसतो. शेड बंद झालं.

दिवाळीनंतर मी गेवराईच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होते. रस्त्याकडेला एक ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, आणि वर बसलेली माणसं. त्यांत शेवंताबाई होती. शेजारी तिची पोरगी, दप्तर मांडीवर घेऊन. मी जवळ गेले.

तीच म्हणाली, "मॅडम, यंदा जानेवारीत मोजाय येऊ नका. आमी बी न्हाई."

ती हसून म्हणाली. मला हसता आलं नाही.

दुसरा टप्पा मंजूर झाला, पण त्या पत्रानंतर दीड वर्षानं. शेड पुन्हा उघडलं, तोवर शेवंताबाईचे दोन हंगाम फडावर गेले होते. पोरगी एक इयत्ता मागे पडली होती.

नवीन तक्ता करायला बसले तेव्हा मी सर्वांत आधी एक रकाना आखला: दिवाळीनंतर गावात राहिलेले कोयते. पहिल्या वर्षी त्या रकान्यात आठ आले असते. सहा महिने मी त्या शेडात येत-जात होते. ते आठही कोयते, म्हणजे आठही जोडपी, माझ्यासमोर माती मळत होती आणि मी त्यांच्याच हातात काटा देऊन सरपण तोलत होते. तेवढा एक आकडा मी फेब्रुवारीत साहेबांपुढे ठेवला असता, तर बाकीचा तक्ता खोटा ठरूनही टप्पा बहुधा थांबला नसता.

तक्ता चुकला माझा आणि ऊस तोडला तिनं. आजही शिकवायला उभी राहिले की पहिला तास मी बोलत नाही. काटा कोण धरणार आहे ते विचारते आणि आधी त्याला बोलू देते.