आतोबांची चालती सभा

बसून घेतलेला निर्णय चुकीचाच असतो, असं ठाम मत असलेला सरकारी अधिकारी उभ्या म्हैसूर राज्यात एकच झाला आणि तो नेमका आमच्या घराण्याच्या वाट्याला आला. माझ्या आत्याचे हे यजमान. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. चामराजपेटेत आमच्याच गल्लीत राहायचे. उंच, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, अंगात बंद गळ्याचा कोट आणि पायात मात्र धनगरी वहाणा. त्या इतक्या कर्रकर्र वाजायच्या, की आतोबा गल्लीच्या तोंडाशी आले की आत्या कॉफीचं पाणी चढवायची. घरात खुर्च्या होत्या, पण त्यांच्यावर धुतलेले कपडे पडलेले असायचे. आत्याने नुसतं विचारलं, की आज सारू करू का हुळी, की आतोबा वहाणा चढवून दारात. "चल, बोलू या." आत्या कपाळाला हात लावायची. "अहो, आमटीचं विचारलंय! त्यासाठी मार्केटपर्यंत चालायचं?" आतोबा एकटेच विचार करायला निघून जायचे आणि परत येईपर्यंत हुळी होऊन निवलेलीही असायची. तीच मुकाट्याने जेवायचे.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला मल्लेश्वरमची मंडळी आली तेव्हा तर कहर झाला. मुलाचे वडील चांगले गलेलठ्ठ. मानपानाचं बोलणं निघालं तसे आतोबा उठले. "या, स्वल्प पाय मोकळे करू." ते गृहस्थ बिचारे भिडेखातर उठले. आतोबांनी त्यांना थेट बसवनगुडीच्या चढणीवर नेलं. बऱ्याच वेळाने दोघे परतले तेव्हा पाहुण्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुलगी द्या, बाकी काही नको." आतोबा मला कोपऱ्यात ओढून सांगतात, "लक्षात ठेव. सपाटीवर माणूस अटी घालतो, चढणीवर नुसता हो म्हणतो." अक्काचा संसार छान झाला, म्हणून बरं!

हे खूळ त्यांना लागलं चित्रदुर्गापलीकडच्या एका कोरड्या, गरीब तालुक्यात. गावचा कारभार गावाच्या हाती द्यायचा, विकास कसला हवा ते लोकांनीच ठरवायचं, असं वारं तेव्हा वाहत होतं आणि आतोबांना विकास अधिकारी म्हणून तिकडे पाठवलं होतं. गाव सगळं धनगरांचं. आतोबांनी जमखाना अंथरून, हार आणवून पंचायतीची पहिली सभा बोलावली. हार सुकले, पंच काही आले नाहीत. सगळे मेंढरांमागे रानात. दुसऱ्या सभेला एक म्हातारा पंच आला, तोही दारातच उभा राहिला, बाहेरच्या कळपावर डोळा ठेवून प्रत्येक मुद्द्याला "सरी स्वामी, सरी", म्हणजे बरोबर आहे, एवढंच म्हणाला आणि चालता झाला. शिपाई खूश, सगळे ठराव एकमताने मंजूर! आतोबांना मात्र स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते वहाणा विकत घेऊन कळपामागे निघाले. मेंढरू थांबत नाही म्हणून धनगर थांबत नाही, तेव्हा सभाही थांबायची नाही. एक पंच पुढे, एक मागे, बाकीचे कडेकडेने, आणि मुद्दा आरोळीने या टोकाचा त्या टोकाला जायचा. पटलं त्याने कळपाच्या उजवीकडे यायचं, नाही त्याने डावीकडे. "अरे, विरोध करायचा तर अख्खा कळप ओलांडून जावं लागायचं," आतोबा सांगायचे, "खरंच पटलं नसेल तोच जायचा."

त्याच सभेत आतोबांचा घात झाला. सरकारने गावाला रेडिओ लावलेलं सभागृह मंजूर केलं होतं. पंचांनी चालता चालता ठरवलं, सभागृह नको, त्यात बसायला वेळ कोणाला आहे? विहिरीजवळ लांबलचक दगडी डोण बांधा, उन्हाळ्यात मेंढरं तहानेने मरतात. आणि आतोबा तर आधीच शब्द देऊन चुकले होते, "तुम्ही ठरवाल तेच होईल." बंगळूरचे मोठे साहेब म्हणाले, योजनेत डोण नाही. वर म्हणाले, बसा. "बसलो, तिथेच हरलो!" असं आतोबा अगदी कळवळून सांगायचे. पण साहेब रोज सकाळी मल्लेश्वरमला कुत्रं फिरवतात हे त्यांना कळलं. मग काय! आतोबा रजा काढून आले आणि रोज कुत्र्याच्या दुसऱ्या बाजूने चालू लागले. साहेब शेवटी कंटाळले, डोण मंजूर झाली आणि पाठोपाठ आतोबांची बदलीही. बंगळूरच्या कचेरीत, हातांच्या खुर्चीवर.

डोण बांधलेली त्यांनी पाहिलीच नाही. मार्केटात घोंगड्या विकणारा दिसला की हे त्याला गाठायचे. "तुमच्या बाजूला एक डोण झाली म्हणतात. पाणी आहे का हो तिच्यात?" कोणालाच ठाऊक नसायचं. एकदा मी म्हटलं, "आतोबा, एवढे बंगळूरभर चालता, एकदा जाऊन बघून या की." ते थांबले. चालता चालता थांबलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. म्हणाले, "आणि कोरडी असली तर?"

पुढे लालबागेच्या खडकावर त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. पाय प्लास्टरमध्ये, आतोबा अंगणात खुर्चीवर. काही विचारलं तर म्हणायचे, "मला विचारू नका, मी बसलोय." आत्या रडकुंडीला आली. "आमटीवरून तरी भांडा हो!"

अशात एका सकाळी घोंगड्या पांघरलेले चार धनगर पत्ता विचारत गल्लीत आले. पुढे तोच 'सरी स्वामी' म्हणणारा म्हातारा पंच. आतोबांच्या ओठांवर प्रश्न आला, पण बाहेर पडेना. म्हाताऱ्यानेच ओळखलं. "पाणी आहे, स्वामी. या उन्हाळ्यातही होतं." आतोबांनी टोपी काढून डोळे पुसले. मग चौघांनी काम सांगितलं. गावचं गायरान नांगरायचं की राखायचं, ते आता पंचायतीच्या हातात आहे आणि ठरतच नाही.

"बसा, बोलू," आतोबा म्हणाले. कोणी बसेना. "बसून कसं ठरायचं, स्वामी?" म्हातारा म्हणाला आणि चौघांनी आतोबांना खुर्चीसकट खांद्यावर घेतलं! आत्या ओरडत धावली, "अहो, चौघांनी असं उचलू नका हो, अभद्र दिसतं!" वरून आतोबा म्हणतात, "अगं, त्या वेळी माणूस आडवा असतो. मी चांगला बसलोय!"

निघाली सभा. गल्लीतली पोरं मागे, मी आतोबांच्या वहाणा हातात घेऊन बाजूला. आतोबा वरून एकच सांगत होते, "ठरवायचं तुम्ही. मी फक्त सोबत." चौघे भांडत, ओरडत रस्त्याच्या टोकाला गेले आणि परत येईपर्यंत चौघांचं एक झालं होतं. गायरान राखायचं.

खुर्ची अंगणात टेकवताना म्हातारा हळूच म्हणाला, "डोणीजवळ एक सपाट दगड मांडलाय, स्वामी. तुम्ही याल तेव्हा बसायला. आम्ही कोणी बसत नाही त्यावर."

"पाय बरा झाला की येतो," आतोबा म्हणाले. पाय धड बरा झालाच नाही आणि आतोबा गेले. नंतर मी एकदा मुद्दाम तिकडे गेलो. डोण भरलेली होती. शेजारी तो दगड होता, कोणीतरी झाडून स्वच्छ ठेवलेला. ऊन फार होतं आणि माझे पाय दुखत होते. मेंढरं आली, पाणी पिऊन गेली, तोवर मी उभाच राहिलो.