बायडीचा हुंकार

प्रियदर्शिनी बाईंच्या वर्गात शनिवारी पुस्तक उघडायचं नाही. पोरांनी एकेकानं उभं राहायचं आणि गोष्ट सांगायची. नवऱ्याच्या तारापूरच्या नोकरीमागून बाई सांगलीकडून इकडे आल्या, बेटेगावजवळच्या शाळेत लागल्या, तेव्हा ही पोरं मूग गिळून बसायची. नाव विचारलं तरी अंगठ्यानं जमीन उकरायची. मग बाईंनी युक्ती काढली. सांगणारा एक, पण हुंकार सगळ्यांनी द्यायचा. वाक्य संपलं की "हंऽ". आणि नियम कडक: हुंकार थांबला की गोष्टही थांबवायची, ऐकणारंच नाही तर सांगायचं कुणाला?

हुंकार द्यावा तर बायडीनं! पहिलीतली एवढीशी पोर, पण "हंऽऽ" असा लांबवायची की सांगणाऱ्याला चेव यायचा. तिची मोठी बहीण दीपा तिसरीत, त्याच खोलीत. दीपाची जीभ सुटली ती या हुंकारावरच.

गेल्या दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले ते पोरींना घेऊन. पोरींतली परत आली एकटी दीपा. बायडी तिकडंच तापात गेली.

जूनमध्ये शाळा उघडली, पण दीपानं तोंड उघडलं नाही. बाईंनी चुचकारलं, रागावून पाहिलं, छे! आणि स्वतः बाईंना भलतंच ऐकू यायला लागलं. वर्ग हुंकार देऊन गप्प झाला की खिडकीकडच्या कोपऱ्यातून, बायडी बसायची तिथून, मागाहून एक लांब "हंऽऽ" यायचा. भास, दुसरं काय, म्हणत बाई खडू उचलायच्या, पण त्या कोपऱ्याकडे पाठ करायच्या नाहीत. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. तो बदली मागायला लावणार.

यंदाची दिवाळी सरली आणि एका शनिवारी दीपाची आई दारात उभी. "पोरीला न्यायला आले, बाई. बोलत नाय, लिवत नाय. हितं बसून काय करल? भट्टीवर निदान मातीला हात लावल."

बाई दारापाशी आल्या. एक पोर गेली तिथंच दुसरी? "आजचा तास होऊ द्या," त्या म्हणाल्या. "बोलली तर ठेवाल?"

"बोलली तर ठेवीन मावशीकडं. पण नाय बोलायची ती." आई उंबऱ्यात टेकली.

बाईंनी दीपाला उभं केलं. तिचे ओठ हलले, आवाज नाही. पोरांनी धीर द्यायला "हंऽ" केलं, तर तिनं कान घट्ट दाबून धरले. बाई तिच्यापुढे खाली बसल्या. "काय झालं गं बाळा?"

"बायडीला गोष्ट सांगत होते," दीपा पुटपुटली. "भट्टीवर, ताडपत्रीखाली. तिचा हुंकार थांबला. मग मी पण थांबले. तुमीच सांगितलंय ना."

अरे देवा! पोर मुकी झाली नव्हती, नियम पाळत होती.

"तो नियम आता मोडायचा," बाई कशाबशा म्हणाल्या. "तीच गोष्ट पुरी कर. हुंकार मी देते." त्या कोपऱ्यात बसायला गेल्या.

"तिथं नको, बाई. तिथं ती बसते."

 बाई जरा अलीकडे सरकून बसल्या.

"खेकडीचं पोर हरवलं," दीपानं सुरुवात केली.

"हंऽ."

"तिनं नदीतले समदे दगड उलटून बघितले."

बाईंनी तोंड उघडलं, पण हुंकार फुटेना. दीपा थांबली. आता गेली पोर हातची, बाईंना वाटलं.

"हंऽऽ."

उंबऱ्यातून आला. आईचा. तसाच लांब ओढलेला. बायडी तो कुणाकडून शिकली होती ते बाईंना आज कळलं. डोळ्यांना पदर लावून आई हुंकार देत राहिली आणि दीपा तिच्याकडे बघून सांगत राहिली. खेकडी दमून बिळात परतली, तर पोर आतच झोपलेलं.

"मग तिनं त्याला उठवलं नाय. झोपू दिलं. संपली गोष्ट."

आई उठली. "राहू दे हिला," म्हणाली आणि डोळे पुसत एकटीच निघून गेली.

पुढच्या शनिवारी दीपा आपण होऊन उभी राहिली. पहिल्याच वाक्याला पोरांनी दणकून हुंकार दिला आणि सगळी गप्प झाली. बाईंनी सवयीनं कोपऱ्याकडे कान दिला. काही नाही. दुसऱ्या वाक्यालाही थांबून पाहिलं. नाहीच आला. इतके दिवस ज्या आवाजानं अंगाचं पाणी होत होतं, त्याच्यासाठी आज बाईंचा जीव तुटत होता.

"बाई, तुमी द्या ना हुंकार," दीपा म्हणाली.

बाईंनी दिला, जमेल तितका लांब ओढून.