काट्यावरचे सहा, दगडावरचे सात

आमच्या ट्रकला भंगार म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सवाल असतो: तुम्ही त्यात कधी बसलात का? बसलेला माणूस असं म्हणत नाही.

पिंगळीच्या बाजूला आमचं घर आहे आणि घरासमोरच्या लिंबाखाली ही गाडी माझ्या जन्माच्या आधीपासून उभी राहते. पुढं लांब नाक, नाकात इंजिन, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. आजोबांनी घेतली, दादांनी चालवली. दादा म्हणजे माझे वडील. गाडी वाहते लेंडीखत. मेंढवाड्यांवर साचलेलं खत भरायचं आणि पाथरीकडच्या ऊसवाल्यांच्या शेतात नेऊन टाकायचं. वास येतो. येऊ द्या. ज्यांचा चहा त्या उसाच्या साखरेनं गोड होतो, त्यांनी तरी नाक मुरडू नये.

गाडीवर हक्क दोघांचा, दादांचा आणि काकांचा. दादा गाडी चालवतात, काका हिशोब बघतात, आणि हिशोब बघणाऱ्याला डिझेल फार दिसतं. मागच्या वर्षी काकांनी विषय काढला तो सोडेचनात. गाडी लय पितीय, आपण खत ओढायलोत का डिझेल, असं रोज जेवताना चालायचं. शेवटी त्यांनी एका भंगारवाल्याला बघायला यायलाही सांगून टाकलं. ही गाडी गेली असती तर दादा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले असते. ते हे बोलत नव्हते, पण घरात सगळ्यांना कळत होतं.

मला राग आला तो काकांचा नाही. चौकाचौकात नव्या गाड्यांचे फलक लागलेत, त्यावरचा माणूस हसतोय, आणि ज्याच्याकडं जुनी गाडी आहे तो जणू गुन्हेगार. जुनं दुरुस्त करून वापरणाऱ्याचा फलक कुणी लावलाय का? या विषयावर मी पत्रकच काढणार होते. लोकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आमच्या गटात मीच पत्रकं लिहिते, एसटीच्या थांब्यांची, पाण्याची, मुलींच्या पासची. पण दादा म्हणाले, पत्रक राहू दे, आधी मिस्त्रीकडं जाऊन येऊ.

मिस्त्री म्हणजे परभणीतले चाचा. आजोबांच्या वेळेपासून या गाडीला त्यांचाच हात लागलेला. त्यांनी इंजिनाला दोष दिला नाही. दोष दिला मागच्या आसातल्या दात्यांच्या जोडाला, त्याला क्राऊन-पिनियन म्हणतात. ही गाडी ज्या काळात बनली तेव्हा रस्ते कच्चे होते, म्हणून जोड ओढीचा बसवलेला. टॉप गिअरला टाकली तरी इंजिन जवळजवळ सात वेळा फिरायचं तेव्हा चाक एकदा फिरायचं. आता पाथरीचा रस्ता सपाट, डांबरी. तिथं इंजिनाला उगाच नाचवायचं कशाला? चाचांनी एका मोडीत निघालेल्या गाडीतला दुसरा जोड शोधून आणला. त्यात सहा फेऱ्याही लागत नव्हत्या.

"दौड वाढंल, उचल घटंल," चाचा म्हणाले. "ढेकळातून निघताना थोडं कमी भरा. बोला, मंजूर हाय का?"

दादांनी मान हलवली. काकांनीही हलवली, पण अट घातली. जोड बसल्यावर आठवडाभर बघायचं. ॲव्हरेज वाढलं तर गाडी राहील, नाही तर भंगारवाला आहेच.

आमच्या घरात ॲव्हरेज काढायची एक रीत आहे. टाकीत घालायची बाभळीची काठी, आजोबांनी तिच्यावर खाचा पाडलेल्या. किती खाचा डिझेल उतरलं ते काठीवर बघायचं, आणि किती चाललो ते काट्यावर. हा काटा म्हणजे आमच्या घराचा मान. एवढ्या जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा चालू असलेला तुम्ही बघितलाय? आमचा चालू आहे. खंडेनवमीला बाकीचे लोक स्टिअरिंगला हळदकुंकू वाहतात, आमच्याकडं पहिलं बोट काट्याच्या काचेला लागतं. दादा कुठल्याही ड्रायव्हरला गाठून सांगणार, आमचा काटा एक दिवस बंद पडला न्हाई.

नवा जोड बसला. गाडीचा आवाजच बदलला. आधी ती भांडत चालायची, आता गुणगुणत चालली. दादांचा चेहरा दोन दिवस नुसता उजळला होता.

मग काकांनी हिशोब मांडला. काठीवरच्या खाचा आणि काट्यावरचे किलोमीटर. ॲव्हरेज जेवढं होतं तेवढंच. पुन्हा मांडला, तेवढंच. मेंढवाडे एका जागी राहत नाहीत, आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. त्यामुळं त्या आठवड्यातली एकही फेरी जुन्या फेरीशी ताडून बघता येत नव्हती. आधार होता तो काट्याचा, आणि काटा म्हणत होता, काही फरक नाही.

"भाऊ, लोखंड बदललं, भूक तीच हाय," काका म्हणाले. हसून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

 घराजवळच्या ढिगातलं खत थेट पाथरीला टाकायची एक फेरी कबूल केलेली होती, दादा ती करून येतो म्हणाले. आम्ही परत आल्यावर भंगारवाला यायचा होता. मलाही पाथरीत पत्रकं वाटायची होती, म्हणून गठ्ठा मांडीवर घेऊन केबिनमध्ये बसले. काका निघताना म्हणाले, पुढारीणबाई, खताच्या गाडीतून क्रांती चालली का. मी म्हटलं, काका, दोन्ही मुळाशीच घालायचं असतं.

पत्रक होतं एसटीच्या थांब्याचं. त्या रस्त्यावरच्या दोन फाट्यांच्या मध्ये बस थांबत नाही आणि शाळेच्या मुलींना सात किलोमीटर तुडवावे लागतात, असं मी ठळक छापलं होतं. हा सात आकडा मी कार्यालयात बसून काढलेला नव्हता. त्या मुलींबरोबर किलोमीटरचा एकेक दगड मोजत मी तो रस्ता चालले होते. आमच्या गटात नियम आहे, पाय दुखल्याशिवाय आकडा छापायचा नाही.

पहिला फाटा आला तेव्हा सवयीनं काट्याकडं बघितलं. दुसरा फाटा आला तेव्हा परत बघितलं. सहा.

माझं डोकंच फिरलं. म्हणजे हा काटा मला खोटं पाडणार? हजार पत्रकं मांडीवर असताना?

"दादा, काटा चुकला."

"काटा चुकत न्हाई, बाई."

"मग मी चुकले? मी चाललेय हा रस्ता. सात हायत."

दादांनी हसून सोडून दिलं असतं, पण मी सोडणारी नाही. म्हटलं, पुढचे दगड मोजू. मोजले. सात दगड मागं पडले, काट्यावर सहा. आणखी सात, पुन्हा सहा. दादांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून गाडीखाली वाकून बघत राहिले. वर आले ते कपाळाला हात लावून.

काट्याची तार गिअरबॉक्समधून येते. चाकातून येत नाही. आधी चाक एकदा फिरायला गिअरबॉक्सचा दांडा सात वेळा फिरायचा आणि काटा त्यावरून मोजायचा. आता तोच दांडा सहा वेळा फिरून चाक तेवढंच पळतं. काट्याला बिचाऱ्याला मागचा जोड बदलल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी सात चालत होती आणि आम्ही तिच्या नावावर सहाच मांडत होतो.

दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. "म्हणजे ती चालत होती," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "आपणच तिला गिनत नव्हतो."

चाचांना फोन लावला. ते एवढे हसले की मला बाजूला ऐकू आलं. त्यांच्याकडं येणाऱ्या असल्या जुन्या गाड्यांत काटा चालू असलेली एकही नसते, त्यामुळं काट्याचं सांगायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. आमचा मानच आम्हाला नडला होता. तरी दादा लगेच म्हणाले, चाचा, बघा, आमचा अजून चालू हाय.

पाथरीत खत उतरवलं. शेतातून निघताना गाडीनं पहिल्या गिअरला जरा दम खाल्ला, रिकामी असूनही. दादांनी ते लपवलं नाही, काकांना सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं. आणि मी माझा सात आकडा ताठ मानेनं वाटला.

घरी आलो तेव्हा भंगारवाला ओट्यावर चहा पीत होता. दादांनी काठी काकांच्या हातात दिली. घरापासून थेट पाथरीची जाऊन येऊन फेरी आमच्याकडं वर्षानुवर्षं सात खाचांची. काकांनी काठी टाकीत घातली, काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, परत घातली. सहा खाचा. मग दादांनी दगडांचं सांगितलं, दम खाल्ल्याचंही सांगितलं. काकांनी ओली काठी ओट्याला टेकवून ठेवली.

"काठीनं खरं सांगितलं म्हणायचं," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "आणि पुढारणीनं."

भंगारवाल्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, मग व्यवहाराचं काय? दादा म्हणाले, व्यवहार करू की. हिला बसणारा, जास्त ओढीच्या पहिल्या गिअरचा गिअरबॉक्स कुठं मोडीत निघाला तर सांगा, आमाला पायजे, पहिल्या गिअरला उचल कमी पडायलीय.

काटा दादांनी बदलू दिला नाही. चाचा म्हणाले होते, तारेला दुसरा दाता बसवून तो बरोबर करून देतो. दादा म्हणाले, हात लावू नका. त्याऐवजी त्यांनी मला ऑइल पेंटचा डबा आणि ब्रश आणून दिला. काचेच्या खाली मी पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: इथले सहा म्हणजे रस्त्यावरचे सात. आजवर लिहिलेल्या माझ्या पत्रकांत हेच सगळ्यात जास्त वाचलं जातं, कारण केबिनमध्ये बसलेल्या प्रत्येकाला दादा ते मोठ्यानं वाचायला लावतात.