काशीत चुकून सोडलेली बिडी

"गेले वं बाई... पन पेटवली नाई हां! शेवटपर्यंत पेटवली नाई!"

सासूबाईंनी मला फोनवर बातमी दिली ती अशी. कारंज्याच्या आमच्या शाळेत नुकताच परिपाठ संपला होता, मुलं ढकलाढकली करत वर्गात चालली होती, आणि मी व्हरांड्यात फोन कानाला लावून उभी. खोटं कशाला सांगू, रडू यायच्या आधी मला अभिमान वाटला. त्याला आता महिना उलटून गेला. दुःख आहेच, पण मामाजींची आठवण निघाली की आमच्या घरात आपोआप आवाज चढतात. जो तो दुसऱ्याला थांबवून म्हणतो, "थांब, मी सांगतो!" आज मात्र मी कुणालाही मध्ये बोलू देणार नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे, देवराव. मानोऱ्याजवळच्या आमच्या गावात त्यांची ओळख शेतीपेक्षा आवाजावरून जास्त. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोड्या सुटल्या की माईकवर आरोळी द्यायची ती त्यांनीच. पंचक्रोशीतली माणसं बैल बघायला जमायची तेवढीच मामाजींना ऐकायलाही. आणि त्या आवाजाचा वैरी त्यांच्याच कानावर बसलेला असायचा... बिडी! एक ओठात, एक कानावर. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, कानावर पेन्सिल ठेवतात, सुतारकाम येत असेल. सगळं घर हसलं होतं मला. पुढे पुढे पटात जोडी निम्म्यात आली की मामाजींना ढास लागायची. एका वर्षी तर जोडी रेषा ओलांडून गेली, जोडी हाकणारा धुरकरी बैलांना थोपटत परत आला, तरी मामाजी माईकवर खोकतच होते. लोक हसले. त्यानंतर पंचांनी माईक दुसऱ्याच्या हाती दिला. मामाजी घरी येऊन जेवले नाहीत. बिडी मात्र ओढली. डॉक्टरांनी सांगून झालं, मुलाने भांडून झालं, मी गोड बोलून झालं. "पोरी, हे आता मले घेऊनच जाईन," एवढंच उत्तर.

मग गावातली मंडळी काशीला निघाली, त्यांत मामाजी आणि सासूबाईही. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेत सोडायची आणि पुन्हा जन्मात तिला शिवायचं नाही, ही रीत आपल्याला ठाऊक आहेच. आणि तिच्यातून पळवाट काढायची रीत त्याहून जुनी! मामाजींचे जिवलग मित्र नामदेवकाका यांनी गाडीतच ठरवून टाकलं होतं की ते दोडका सोडणार. मामाजी सोडणार होते कारलं, जे त्यांनी आयुष्यात कधी आवडीने खाल्लं नव्हतं. घाटावर कंबरभर पाण्यात मामाजी उभे, ओंजळीत गंगाजल आणि सवयीने कानावर बिडी. पंड्याला घाई. त्याने विचारलं, "क्या छोड़ा?" पण त्याची नजर मामाजींच्या कानावर. मामाजींना वाटलं, हा कानावर काय आहे ते विचारतोय. सरळ माणसाने सरळ उत्तर दिलं, "बिडी."

झालं! पंड्याने मंत्र म्हटला, मामाजींचा हात धरून ओंजळ कलती केली आणि पाणी गेलं गंगेत. "अरे कारलं! कारलं म्हनायचं होतं मले!" मामाजी ओरडले. पंडा पुढच्या माणसाकडे वळत म्हणाला, "गंगाजी ने सुन लिया, बाबा. अब मैं क्या करूँ?"

गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. चुकून केलेला संकल्प लागू होतो की नाही? नामदेवकाकांचं म्हणणं, मनात कारलं होतं, देव मन पाहतो, ओढ बिनधास्त. कुणी म्हणालं, "चुकून देल्लं मत मोजतेत, मंग चुकून सोडलेली बिडी काहून नाई?" मामाजी दोन्ही बाजूंना मान डोलवायचे आणि बोटं कानामागे चाचपडायची. सकाळी बिडीशिवाय पोट साफ होईना. बादली घेऊन जायचे आणि तसेच चिडून परत यायचे. बैलांवर ओरडायचे, माझ्या भाजीत मीठ नाही म्हणायचे, अन् मीठ टाकलं की जास्त झालं म्हणायचे. खिशात फुटाणे, गालात लवंग. घरातल्या सगळ्यांनी जीव मुठीत धरला होता. एकट्या सासूबाई शांत. त्या म्हणायच्या, "चूक तुमची होती, गंगेची नोहोती."

खरी गोष्ट पुढेच आहे. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालं आणि मामाजींचा धीर सुटला. मळणीयंत्रावर सगळे बिडीवाले, धूर सगळीकडे. त्यांनी नामदेवकाकांकडून एक बिडी मागून घेतली आणि घराच्या मागच्या अंगणात गोठ्याआड जाऊन काडी ओढली. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. समोर सीताफळाचं झाड होतं, फळांनी वाकलेलं. त्याखाली सासूबाई शेजारच्या पोरांना पिकलेली सीताफळं फोडून देत होत्या. सीताफळ म्हणजे सासूबाईंचा जीव. माहेरून आणून स्वतः लावलेलं झाड. पोरं बिया थुंकत पळाली. सासूबाईंच्या बोटांना गर चिकटलेला होता. त्यांनी तो चाटला नाही. नळाखाली हात धरून एकेक बोट स्वच्छ धुतलं आणि पदराला पुसलं.

"तवा मले समजलं," मामाजी म्हणाले, "का काशीत इनं खरंच आवडीचं सोडलं होतं. आमी सारे दोडके-कारले घेऊन गेल्तो अन् हे बाई सीताफळ सोडून आल्ती... अन् कोनाले बोलली बी नाई. माही काडी बोटापर्यंत जळत आली पोरी, तरी मले चटका समजला नाई." ती बिडी त्यांनी चुरगाळून उकिरड्यावर टाकली. त्या दिवसापासून संकल्प चुकीचा की बरोबर, हा वाद त्यांच्यापुरता मिटला. गावाचा चालूच राहिला म्हणा, गावाला काय काम!

आणि मग तो पट! काय सांगू तुम्हाला... ढास गेली होती, छाती मोकळी झाली होती, आणि पंचांनी पुन्हा माईक हातात दिला. पहिली जोडी सुटली अन् मामाजी जे सुरू झाले ते रेषेपर्यंत थांबलेच नाहीत! बैलांची नावं, धुरकऱ्याचं नाव, त्याच्या गावाचं नाव, वर एक टोमणा, सगळं एका दमात! मी शिक्षिका, मुलांना शिट्ट्या मारू नका म्हणून सांगणारी. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. खाली उतरून मामाजी थेट बायकांच्या घोळक्याकडे आले आणि सासूबाईंना म्हणाले, "ऐकू आलं का वं?" सासूबाई म्हणाल्या, "मी का बहिरी हावो?" आणि पदरात तोंड लपवून हसल्या.

त्यानंतर कित्येक पट त्यांनी गाजवले. पण चाळीस-एक वर्षांच्या धुराने आत जे केलं होतं ते केलं होतं. या वर्षी दम लागायला लागला, मग खाटच धरली. नामदेवकाका रोज उशाशी येऊन बसायचे. एकदा न राहवून म्हणाले, "देवा, आता काय राह्यलं गा? मार दोन झुरके, जीवाले बरं वाटन." मामाजींनी मान हलवली. बोलायला दम नव्हता. बोटाने फक्त स्वयंपाकघराकडे दाखवलं. तिथे सासूबाई पेज ढवळत होत्या.

दहाव्याला अरुणावतीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. आमच्या ह्यांनी हात जोडून सगळी वचनं दिली. आईला सांभाळू, शेत विकणार नाही, पट बंद पडू देणार नाही. कावळा बाभळीवर ढिम्म. ऊन चढलं. शेवटी नामदेवकाका डोळे पुसत पुढे झाले. "मले माईत हाय त्याचा जीव कायच्यात अडकला," म्हणाले, आणि एक बिडी पेटवून पिंडाजवळ ठेवली. कावळा खाली आला. दोन उड्या मारून तो जवळ आला, मान वाकडी करून त्याने धुराकडे पाहिलं आणि परत बाभळीवर जाऊन बसला.

आमच्याकडे बायका दहाव्याला मागेच थांबतात. सासूबाई मागे थांबल्या नाहीत. माणसांना बाजूला सारत पुढे गेल्या, ती बिडी उचलली आणि पाण्यात विझवली. म्हणाल्या, "त्याईनं सोडली होती." बस. आणि त्या पिंडापासून चार पावलं मागे सरल्या नसतील तोच कावळा झपकन उतरला आणि त्याने पिंडात चोच घातली! काठावर एकच कल्ला झाला. दहाव्याला कुणी टाळ्या वाजवतं का? आम्ही वाजवल्या. नामदेवकाका तर हमसून रडत टाळ्या वाजवत होते.

सासूबाई वळल्या. ओल्या हातात ती विझलेली बिडी तशीच होती. सगळ्या गावाकडे बघत त्यांनी विचारलं, "चुकून सोडली, चुकून सोडली म्हनत होते ना सारे? मंग हा कावळा बी चुकूनच शिवला का?"