दुप्पट भावाची काकडी

माझ्या साडूने मला फसवले. एकदा नाही, तीन महिने, जवळजवळ रोज सकाळी, फजरच्या नमाजानंतर, माझ्या डोळ्यांदेखत आणि माझ्याच मुलीला हाताशी धरून फसवले. सत्तावीस वर्षे मी सौदीत फरशीच्या धंद्यात आहे. डोक्यावरून खोकी वाहण्यापासून सुरुवात केली आणि आज रियाधच्या अल मलाझ भागात दुकान चालवतो. इतक्या वर्षांत लबाड ठेकेदार पाहिले, दोन जिभांचे दलाल पाहिले, कसम खाऊन फुटकी फरशी खपवणारे पाहिले. पण जेद्दापासून दम्मामपर्यंत या साडूइतका पोचलेला माणूस मला भेटलेला नाही. आणि दिसायला असा, की मुंगी आडवी आली तर थांबून तिला वाट देईल.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आमच्याच इमारतीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचा. अंगाने उसाच्या कांडीसारखा. लोक खिशाला पेन लावतात, हा काकडी लावायचा. कुणाच्या दावतीला गेला की यजमानाला सलाम करून आधी खिशातली काकडी संपवायचा, मग जेवणाकडे बघायचा. बाजारातून जर्जीरच्या पाल्याची जुडी घेतली की ती फुलासारखी हुंगत घरी यायचा. त्याच्याकडे गाडी होती, पण तिच्यावर कापड घातलेले असायचे आणि हा सगळीकडे पायी. रियाधमध्ये धडधाकट माणूस रस्त्याने पायी चालताना दिसला की लोकांना वाटते त्याच्यावर काहीतरी संकट आले आहे. गाड्या थांबायच्या, काचा खाली व्हायच्या, भले लोक विचारायचे, गाडी बंद पडली का? साडू हात जोडून सांगायचा, "गाडी ठणठणीत आहे. मी बंद पडू नये म्हणून चालतोय." मग तो त्यांनाही उतरून चार पावले चालायला सुचवायचा. एकदा एक टॅक्सीवाला खरोखर उतरला होता, असे तो शपथेवर सांगतो. आता त्याच्या शपथेचे काय करायचे, हा प्रश्नच आहे.

पोरांच्या बाबतीत तर हा माणूस संपूर्ण वेडा. आमच्या इमारतीतली पोरे इंग्रजी शाळेत जातात, आईबापांना हिंदीत उत्तरे देतात आणि उरलेला वेळ मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. साडूने इमारतीच्या पार्किंगमध्ये खडूने आट्यापाट्यांच्या रेघा मारल्या आणि माझ्या दुकानातले इटालियन फरशीचे तुकडे न विचारता उचलून त्यांची लगोरी रचली. महिन्याभरात केरळची, लाहोरची आणि तळमजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरीणबाईंची पोरे एका सुरात "लगोरी" म्हणून ओरडू लागली. दुसऱ्या मजल्यावरची गृहस्थ मंडळी माझ्याकडे तक्रार घेऊन आली, कारण फरशी माझी होती. मी साडूला झापले. तो म्हणाला, फुटक्या फरशीचा इतका चांगला उपयोग तुमच्या दुकानाने आजवर केला नव्हता.

एका ईदला आमची कोकणची तीस-चाळीस माणसे शहराबाहेर इस्तिराहा घेऊन जमली होती. इस्तिराहा म्हणजे दिवसापुरते भाड्याने घेतलेले मोठे अंगण, झाडे, झोपाळे आणि बसायला एक दिवाणखाना. बिर्याणी दमावरून उतरली, दस्तरखान पसरले आणि वाढायला पळाच सापडेना. अर्धा तास आम्ही पळा शोधत होतो. दोनदोन मुलांचे बाप झुडपांत वाकले, म्हातारे मामू झोपाळ्यामागे गेले, माझ्या मेहुण्यांनी सगळ्या गाड्यांच्या डिक्या उघडल्या. शेवटी तो खजुरीच्या झाडावर बांधलेला दिसला. साडू सावलीत उभा राहून घड्याळ बघत होता. त्याने जाहीर केले की आज प्रत्येक जण निदान दीड किलोमीटर चालला आहे, आता बिस्मिल्ला करायला हरकत नाही. त्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. त्याने ऐकून घेतले आणि मला काकडी दिली.

इथवर सगळे हसण्यावारी होते. मग माझ्या मुलीची गोष्ट आली.

हुमेरा माझी एकुलती एक, दहा वर्षांची. तिला मी काही कमी पडू दिले नाही. तळलेल्या कोंबडीचा ब्रोस्ट म्हटले की ब्रोस्ट, पिझ्झा म्हटले की पिझ्झा, फ्रीजमध्ये रसाच्या बाटल्यांची रांग. याचे कारण मी कुणाला सांगत बसत नाही, पण साडूला ठाऊक होते. दापोलीकडच्या आमच्या गावात बाप गेल्यावर माझी आई पेजेत पाणी वाढवत वाढवत पाच पोरांना पुरवायची. तेव्हा मी ठरवले होते की माझ्या लेकराच्या ताटाकडे कुणी मोजक्या नजरेने बघणार नाही. पण शाळेच्या तपासणीत काहीतरी निघाले, दवाखान्यात रक्त तपासले, आणि डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आली आहे. दहा वर्षांच्या पोरीची. सवयीने माझ्या तोंडातून गेले, "डॉक्टर, थोडं कमी करून सांगा. शेवटचा आकडा काय?"

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "आकडा माझा नाही, तुमच्या मुलीचा आहे. तीन महिने देतो. उतरला नाही तर औषध सुरू करावं लागेल."

साडू त्याच संध्याकाळी खाली आला आणि भाज्या, चालणे, खेळणे यावर बोलू लागला. मी त्याला दार दाखवले. म्हटले, माझ्या घरात कुणी घास मोजायचा नाही, खलास. तो चपला घालून निमूट गेला. मला वाटले, सुटलो.

आठवड्याने तो पुन्हा दारात. हातात काकड्यांचे खोके, चेहरा मयताहून आल्यासारखा. आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांच्या चालीवर भाजीवाल्यांची रांग आहे, तिथून तो आला होता. म्हणाला, "साडूभाई, आज पुन्हा लुटला गेलो." त्याने दिलेला भाव ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. काकडीला एवढे? कोकणातला माणूस भर बाजारात असा कापला जातो? मी त्याला म्हटले, उद्या मी येतो आणि दाखवतो. तो म्हणाला, गाडी नेऊ नका. गाडीवाले गिऱ्हाईक बघितले की ते भाव चढवतात. पटण्यासारखे होते. आणि हुमेरालाही आणा, म्हणाला, बापाची विद्या पोरीला कळू दे. मला, खोटे कशाला सांगू, हेही पटले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघे निघालो. त्या भाजीवाल्याने, एका पांढऱ्या दाढीच्या माणसाने, काकडीचा असा भाव सांगितला की मी खोके जमिनीवर आपटले. मी ओरडलो, तो ओरडला, मी निघून गेलो, त्याने हाक मारली, मी परत आलो. शेवटी निम्म्या भावात खोके उचलले. बाजार बघत होता. हुमेराने टाळ्या वाजवल्या. परत येताना साडूची कंबर दुखत असल्यामुळे खोके मीच वाहिले, आणि कित्येक वर्षांनी खांद्यावर ओझे घेतलेला मी, एखादी लढाई मारल्यासारखा घरी आलो.

मग रोजचेच झाले. टोमॅटो, भेंडी, भोपळा, गाजर, सगळे निम्म्यात. साडू पुढे उलटा चालायचा आणि "यल्ला, पाय उचला" म्हणत हुमेराला रस्त्यातल्या प्रत्येक खजुरीला हात लावून यायला लावायचा. पहिल्या आठवड्यात ती दर दोन इमारतींना पायरीवर बसायची. खरे तर मीही बसायचो, पण मी मोबाइल बघितल्याचे दाखवायचो. घरात खोक्यांची चळत लागली. आता इतक्या भांडणाने मिळवलेला माल कुजू द्यायचा? मी बायकोला सक्त ताकीद दिली की हे संपल्याशिवाय बाहेरचे काही येणार नाही. ब्रोस्ट मीच बंद केला. रसाच्या बाटल्या मीच काढल्या, कारण फ्रीजमध्ये भोपळ्याला जागा नव्हती. संध्याकाळी हुमेरा लगोरीला जायची आणि घामाने निथळत येऊन कुणी न सांगता गाजर चावायची. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि हसले. आकडा उतरला होता. मी बायकोला म्हटले, बघ, घासाघीस केल्याशिवाय कुठलाच आकडा खाली येत नाही.

पुढच्याच महिन्यात साडूच्या कचेरीने त्याला लांब उत्तरेकडच्या तबूकला पाठवले. जाताना त्याने गाडीवरचे कापड काढले, सामान भरले, आणि पार्किंगमधली लगोरी रचून ठेवून गेला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी बायकोला घेऊन भाजीला गेलो. मी मागे मिसरी डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याशी बोलत होतो. बायकोने पुढे होऊन काकडीचा भाव विचारला आणि म्हाताऱ्याने तिला, न भांडता, न ओरडता, पहिल्याच बोलीत मी रोज भांडून मिळवायचो तोच निम्मा भाव सांगितला. मी पुढे जाऊन त्याला विचारले, हा काय प्रकार आहे? म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितले, शेजारच्या दुकानदाराकडे बघितले, आणि आपल्या तुटक्या हिंदीत जे सांगितले ते मराठीत असे: "तुझ्या साडूने सांगून ठेवलं होतं. याला आधी दुप्पट सांग आणि मग नेहमीच्या भावाला दे. हा माणूस भांडल्याशिवाय भाजी खात नाही."

सगळी रांग हसत होती. त्यांनाही दुप्पट सांगायला शिकवलेले होते. तीन महिने मी जो भाव घाम गाळून खाली आणला, तो पहिल्यापासून तिथेच होता. इतक्या लढाया मी मारल्या आणि समोर कुणी लढतच नव्हते. घरी येऊन मी हुमेराला विचारले, तुला माहीत होते? तिने गाजर चावणे थांबवले नाही. म्हणाली, "अब्बा, सबको पता था."

मी तबूकला फोन लावला आणि मनात येईल ते बोललो. धंद्यातली अब्रू, नात्यातला विश्वास, खजुरीवरचा पळा, इटालियन फरशी, काहीही बाकी ठेवले नाही. पलीकडून काहीतरी कुरकुरीत चावल्याचा आवाज येत होता. मी दमलो तेव्हा तो म्हणाला, "आकडा किती राहिलाय पोरीचा?" मी सांगितला. तो म्हणाला, "चांगला सौदा केलात, साडूभाई," आणि फोन ठेवला.

आता म्हातारा मला पहिल्याच बोलीत खरा भाव सांगतो. भेंडी इतकी, गाजर इतके, संपले. त्यात काय मजा? मी त्याला म्हटले, दुप्पट सांग ना. तो म्हणतो, ते सांगणारा माणूस आता इथे नाही. तरी आम्ही बापलेक रोज जातो. हुमेरा खजुरींना हात लावत पुढे पळते, पण उलटे चालत "यल्ला" म्हणणारे कुणी नसते, आणि परतताना खोके माझ्यावर ढकलायला कुणाची कंबर दुखत नाही.

माझा हा दावा आहे, साडूभाई. तुम्ही मला फसवलेत, माझी पोर मला परत दिलीत, आणि भांडायला कुणी न ठेवता निघून गेलात. याचा जबाब मला हवा. फोनवर नको. मलाझला या, समोर उभे राहा, आणि सांगा, मी आता कुणाशी भांडू?