प्रत्येक फोटोत उभे असलेले भाऊ

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

लोणावळ्याजवळच्या आंबी गावातल्या एका मावशींनी शेतात पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्यात. त्यांची वेबसाइट मी करतेय. त्यांनी चाळीस फोटो पाठवले आणि प्रत्येकात त्यांचे यजमान, म्हणजे भाऊ, उभे! पलंगाशेजारी भाऊ, गिझरशेजारी भाऊ, संडासाच्या दारातही भाऊ. नवा ट्रॅक्टर आणल्यावर त्याच्या शेजारी उभे राहतात तसे, ताठ.

पान पटकन उघडावं म्हणून सकाळभर बसून मी सगळ्या फोटोंचे छोटे, हलके थंबनेल केले. करता करता भाऊंना कापून टाकलं.

दुपारी पान बघून मावशींचा फोन. "आमचं मानूस कुटं गेलं?"

"मावशी, भुशी धरणावर उभं राहून कोणी बघितलं तर रेंज नसते, जड फोटो उघडत नाहीत. आणि लोकांना खोली बघायची असते."

"खोल्या लोनावळ्यात बी लय हायेत. लेकीला एकटीला धाडायचं तर आई आधी काय बघंल? गादी का घरातलं मानूस?"

मी चिडून चाळीसच्या चाळीस थंबनेल पुन्हा केले, भाऊंसकट. पान तेवढ्याच वेळात उघडलं! म्हणजे भाऊंना काढून मी वाचवलं काय होतं?

मावशींचं पटलंय, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. फक्त संडासाच्या दारातून भाऊंना हलवायचं कसं, ते तुम्हीच सांगा.